वेळापत्रकातला राहून गेलेला रकाना

रमजानचा चंद्र दिसण्याआधीच सहरी-इफ्तारचे वेळापत्रक घरोघरी पोहोचते. कुणी मशिदीतून आणते, कुणाला ते किराणा दुकानदार सामानासोबत देतो. भिंतीवर किंवा फ्रिजवर ते चिकटले की महिनाभर घराचे घड्याळ त्याच्याच हुकमाने चालते. पहाटे चार-साडेचारला गॅस पेटतो, सूर्यास्ताला दस्तरखान पसरतो, रात्री इशा आणि तरावीह होते. भांडीकुंडी आवरून घर निजेपर्यंत अकरा-साडेअकरा वाजतात. मोठी माणसे हा बदल समजून-उमजून स्वीकारतात. घरातल्या दीड वर्षाच्या मुलाला मात्र यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्यावर रोजा फर्ज नाही. तरीही महिनाभर त्याची झोप मोडत राहते.

ही झोप किती लागते? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार पहिल्या तीन महिन्यांत बाळाला दिवसरात्र मिळून 14 ते 17 तास, चार ते अकरा महिन्यांपर्यंत 12 ते 16 तास, एक-दोन वर्षांच्या मुलाला 11 ते 14 तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप हवी. दुपारची झोप यातच धरलेली आहे. उठण्या-झोपण्याच्या वेळा शक्यतो ठरलेल्या असाव्यात, असेही त्या सूचना सांगतात.

रोजेदार माणूस रात्रीची कसर दुपारच्या कैलुल्यात, म्हणजे वामकुक्षीत, थोडीफार भरून काढतो. लहान मुलाचे तसे नाही. जन्मतः त्याला दिवस-रात्रीचा भेद नसतो. शरीराचे घड्याळ पहिल्या काही महिन्यांत हळूहळू बसते आणि ते उजेड-अंधार व रोजच्या नेमाने बसते. रात्री अकरापर्यंत दिव्यांच्या झगझगाटात जागलेले मूल सकाळी तेवढेच उशिरा उठेल, ही आशाही बहुतेक वेळा फोल ठरते. ते नेहमीच्याच वेळी उठते आणि दिवसभर किरकिर करते. मग घरात म्हटले जाते, ‘याला नजर लागली.’ बहुधा त्याला फक्त झोप हवी असते.

उपाय अवघड नाही; मात्र तो आधी ठरवावा लागतो. रमजानमध्येही मुलाच्या सकाळी उठण्याच्या, दुपारी झोपण्याच्या आणि रात्री निजण्याच्या वेळा हलू द्यायच्या नाहीत. साधारण वर्ष उलटलेल्या मुलाला दुपारी एक ते तीनच्या सुमारास झोपवावे. हीच झोप पाच वाजेपर्यंत लांबली की रात्रीची वेळ बिघडते. इफ्तारची गडबड ही मुलांच्या चिडचिडीचीही वेळ असते. त्यांचे जेवण आधीच उरकलेले असेल, तर दस्तरखानावर एक खजूर आणि कलिंगडाची फोड हातात घेऊन तीही आनंदाने बसतात. मगरीबनंतर हातपाय धुणे, कपडे बदलणे, दूध, मंद दिवा आणि एखादी लोरी, हा क्रम रोज तोच ठेवावा. तो अंगवळणी पडला की आठ-साडेआठला मूल फारसे न रडता झोपते. सहरीचे सामान रात्रीच ओट्यावर काढून ठेवले आणि झोपायच्या खोलीतला दिवा लावला नाही, तर पहाटेची झोपही शाबूत राहते. एखाद्या दिवशी पाहुणे येणार असतील, तर दोन-तीन दिवस आधीपासून पंधरा-पंधरा मिनिटांनी वेळ सरकवता येते.

पण हा क्रम पाळणार कोण? बहुतेक घरांत उत्तर न विचारताच ठरलेले असते. सहरीला आधी उठणारी तीच, रोजा धरून स्वयंपाक करणारी तीच आणि रात्री बाळ उठले की त्याला घेऊन बसणारीही तीच. अंगावर पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीला धोका वाटत असेल, तर रोजे पुढे ढकलण्याची सवलत धर्मानेच दिली आहे. बाळंतिणीवर तर रक्तस्राव थांबेपर्यंत रोजा नाहीच. ही सवलत घेणाऱ्या सुनेकडे कुणी तिरक्या नजरेने पाहू नये. प्रेषितांनी नमाज पढवताना बाळाचे रडणे ऐकले आणि त्याच्या आईची घालमेल ओळखून नमाज आटोपती घेतली, ही हदीस प्रसिद्ध आहे. मगरीब ते इशा या वेळेत बाप मुलाला निजवू शकतो; दादी किंवा फुफी सहरीनंतर दोन तास बाळ सांभाळून आईला झोपू देऊ शकतात.

हा निव्वळ सोयीचा प्रश्न नाही. झोप न झालेली आई सोफ्यावर बाळाला पाजता पाजता डुलकी घेते, आणि ते बाळाच्या जिवाला धोक्याचे असते. वर्षाच्या आतल्या बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर पाठीवर झोपवावे. डोके गोल व्हावे म्हणून ठेवली जाणारी राईची उशीही नको.

भिंतीपलीकडच्या घरातही पाळणा असतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सणासुदीचे मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते खरी, पण त्या सुटीने बाळाची झोप बदलत नाही. सहरीसाठी आता प्रत्येकाच्या उशाशी मोबाइलचा गजर आहे. ही काळजी रमजानमध्ये घ्यावी, तशीच गणपतीत, नवरात्रात आणि लग्नाच्या वरातीतही घ्यावी. अपुऱ्या झोपेने रडणारे बाळ कोणत्याही घरातले असले, तरी त्याची आई सारखीच थकते.

सहरी-इफ्तारच्या कागदाला उजवीकडे थोडी कोरी जागा असते. तिथे पेनाने आणखी एक रकाना आखावा: दुपारची झोप, रात्रीची झोप आणि प्रत्येकीपुढे त्या दिवशी मुलाला निजवणाऱ्याचे नाव. महिन्याच्या शेवटी त्या रकान्यात एकच नाव पुन्हा पुन्हा दिसले, तर ईदची खरेदी ठरवण्याआधी घरातल्यांनी त्यावर बोलावे.