खरं-खोटं माहीत नाही, पण...

हल्ली मराठीत एका वाक्याची फार चलती आहे. "खरं-खोटं माहीत नाही, पण सावध राहिलेलं बरं." फोनवर आलेला मजकूर पुढे ढकलताना त्याच्या डोक्यावर नाहीतर शेपटीला हे वाक्य चिकटवलं की पाठवणारा मोकळा! याचंच धाकटं भावंड म्हणजे "जसं आलं तसं पाठवतेय". इतकी वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पोरांचे ढीगभर निबंध तपासले, पण इतकं बेजबाबदार वाक्य एकाही निबंधात सापडलं नव्हतं. ते आता आपल्या घरच्या ग्रुपवर रोज सापडतं, आणि लिहिणारे सगळे साठीच्या पुढचे, पदवीधर, पेन्शनवाले. म्हणून आज या वाक्याशी भांडायचं ठरवलंय. नातेवाईक मंडळी, रागावलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

लांबचं उदाहरण नको. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथे आली होती. घरदार तिकडे सोलापूरच्या बाजूला, पोट हिंडण्यावर. त्या भागात फोनवर निरोप फिरत होते की मुलं पळवणारी टोळी आली आहे. कुणाला तरी संशय आला, जमाव जमला आणि पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. टोळी? टोळी नव्हतीच हो. होती ती पाच गरीब माणसं.

आपल्या लहानपणी गोसावी, वासुदेव, पिंगळा दारात आले की घरातली म्हातारी माणसं सुपात धान्य घेऊन बाहेर यायची. ती माणसं परगावची असत, पण परकी नव्हती. अर्थात तेव्हाही सगळं गोडच होतं असं नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण मनातला शिक्का काही पुसला नाही. फोनवरच्या निरोपाने नवा संशय निर्माण केला नाही, जुन्याच संशयाला काडी लावली. अफवा नेहमी कोरड्या गवतातच पेटते.

त्याच वर्षी मे महिन्यात तामिळनाडूत तिरुवण्णामलै जिल्ह्यात काय झालं ते आठवतंय? देवदर्शनाला निघालेल्या ६५ वर्षांच्या एका बाईंनी वाटेत मुलांना चॉकलेटं दिली. मुलं पळवणारी समजून लोकांनी त्यांना ठार मारलं. आपल्याच वयाची बाई! प्रवासात पिशवीत चॉकलेटं ठेवून समोरच्या पोराच्या हातावर ठेवणाऱ्या आपल्यात किती जणी आहेत, मोजा बरं.

त्या वर्षी फिरलेल्या एका व्हिडिओची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. गल्लीत मुलं खेळतायत, मोटरसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलून पळतात. पाहणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. पण तो व्हिडिओ आपल्या देशातला नव्हताच. पाकिस्तानात कराचीमधल्या एका संस्थेने मुलांना जपा हे सांगण्यासाठी ती छोटी फिल्म केली होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलं पळवणं किती सोपं आहे हे सांगणारा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवटच कापला. म्हणजे चित्र खरं, माणसं खरी, फक्त शेवट गायब, आणि त्यातून अख्खं खोटं तयार! म्हणून "अहो, मी डोळ्यांनी पाहिलं" हा पुरावा आता चालत नाही. आता तर यंत्राला सांगून हवा तो चेहरा, हवा तो आवाज घरबसल्या तयार होतो.

"पण मारणारी माणसं अडाणी, आम्ही कुठे कुणाला मारायला जातो?" असं एक भाचेसूनबाई मला म्हणाल्या. इथेच तर माझं भांडण आहे. अडाणी माणसाच्या निरोपावर कोण विश्वास ठेवतो? "सरांनी पाठवलंय, म्हणजे काहीतरी असणारच" या भरवशावर तो निरोप दहा घरं ओलांडतो. आयुष्यभर कमावलेली पत आपण त्या मजकुराला फुकट उसनी देतो. दगड मारणारा हात शेवटचा असतो, त्याच्या आधी किती सुशिक्षित अंगठे हललेले असतात!

बरं, खोटं ओळखायला फार विद्वत्ता लागते असंही नाही. सातवीचं व्याकरण पुरे. पहिला प्रश्न, कर्ता कोण? असल्या मजकुराला कर्ता नसतो. "कळवण्यात येत आहे", "सांगितले जाते", "एका मोठ्या डॉक्टरांनी म्हटले आहे". कोण डॉक्टर, कुठल्या गावचे? दुसरं, कालवाचक शब्द बघा. "काल रात्री", "आजच". तारीख मात्र नाही, त्यामुळे मजकूर कधी शिळाच होत नाही. तिसरं, स्थळ. "आपल्या भागात" हे गाव महाराष्ट्राच्या कुठल्याच नकाशात नाही. आणि शेवटी आज्ञार्थ. "ताबडतोब सर्वांना पाठवा." खऱ्या बातमीला अशी भीक मागावी लागत नाही.

पूर्वी पोस्टकार्डं यायची, आठवतात? इतक्या जणांना असंच कार्ड लिहा, नाहीतर देवी कोपेल. तेव्हा निदान कार्डं विकत आणून हाताने लिहावी लागायची. आपल्या आळसाने समाजाचं बरंच भलं केलं म्हणायचं! आता तो आळसही कामाला येत नाही.

अफवा म्हणजे नुसतीच घबराट असते, असंही नाही. १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊनचे दिवस. पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे चोर, मुलं पळवणारे अशाच अफवांच्या रात्रींत दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाने मारले. त्यांची राख थंड व्हायच्या आत दुसरं खोटं निघालं, की हे एका विशिष्ट धर्माच्या लोकांनी केलं. शेवटी तेव्हाच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुस्लिम नाही. पहिलं खोटं भीतीतून पसरलं असेल, दुसरं कुणाच्या तरी फायद्याचं होतं. प्रचार ओळखायची खूण तीच. वाचून झाल्यावर घटना लक्षात राहत नाही, फक्त कुणाचा द्वेष करायचा तेवढं लक्षात राहतं. असा मजकूर आपल्या आवडत्या पक्षाचा असो की नावडत्या, कसोटी एकच. उलट जे वाचून "बघा, मी म्हणत नव्हते?" असं वाटतं, तेच आधी तपासा.

व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी. अशा मजकुरावर दोन बाणांची खूणही असते. दोन बाण दिसले की समजा, हे अनेक हातांतून आलंय. पण कंपनी बाण दाखवेल, अंगठा आपलाच आहे.

"अगं, काळजीपोटी पाठवतो. सावध राहण्यात वाईट काय?" हा तुमचा शेवटचा मुद्दा मला ठाऊक आहे. वाईट हे, की सावधपणा तुमचा, आणि त्याची किंमत मोजतो कुणी तिसराच. दारावर आलेला भिक्षेकरी, वाट चुकलेला प्रवासी, वेगळी भाषा बोलणारा मजूर. नातवंडांची काळजी असेल तर त्यांना शाळेतून आणायला जा. शंका असेल तर पोलीस ठाण्यात फोन करा. ही काळजी. ग्रुपवर ढकलणं ही काळजी नाही, ती हातातला निखारा दुसऱ्याच्या हातात ठेवणं आहे.

आणि एकदा कळलं की खोटं आहे, तर जिथे आलं तिथेच, सगळ्यांसमोर सांगा. गोडीने सांगा, पण सांगा. "मोठ्या काकांना कसं म्हणायचं?" या संकोचाचा खोट्याला फार आधार आहे. मोठ्या काकांना मी सांगेन, हवं तर.

"खरं-खोटं माहीत नाही" हे वाक्य मुळात वाईट नाही. चांगलं प्रामाणिक वाक्य आहे. फक्त तिथे पूर्णविराम द्यायला शिका. पुढचा तो "पण" काढून टाका.