प्रशिक्षकाची सवय आणि चाळीस टक्क्यांचा कर

२२ सप्टेंबर २०२५ पासून शर्यतीच्या घोड्यावर लावलेल्या पैजेवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. कॅसिनो आणि लॉटरी यांनाही तोच दर लागू झाला. गोव्यात त्यावर जी चर्चा झाली ती मांडवीतल्या जहाजांपुरतीच राहिली आणि ते स्वाभाविकही आहे, कारण आपल्याकडे रेसकोर्स नाही. परंतु कर आकारताना रूलेटचे चाक आणि शर्यतीचा घोडा यांना एकाच मापाने मोजावे का, हा प्रश्न त्या चर्चेत जवळजवळ आलाच नाही. तो समजून घ्यायचा तर जाणकार माणूस घोडा निवडताना नेमके काय पाहतो, याकडे वळावे लागते.

नवखा माणूस घोडा पाहतो, फार तर जॉकी पाहतो. मुरलेला माणूस प्रशिक्षक पाहतो. घोड्याची कारकीर्द अवघ्या काही वर्षांची. प्रशिक्षक मात्र दशकानुदशके त्याच मैदानावर असतो आणि त्याच्या कामाला ठरावीक वळण पडलेले असते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील न्यूमार्केटचे. तेथील सर मार्क प्रेस्कॉट १९७० पासून हीथ हाउस ही पागा चालवतात. तेथे हँडिकॅप शर्यतीसाठी घोड्याला रेटिंग मिळते ते सर्वसाधारणपणे तीन शर्यती धावल्यावर. प्रेस्कॉट यांची पद्धत अशी की, लांब पल्ल्याच्या वंशातला घोडा दोन वर्षांचा, अजून पुरता न भरलेला असताना, कमी अंतराच्या तीन शर्यतींत उतरवायचा. तो मागे पडतो आणि रेटिंग कमी मिळते. पुढल्या वर्षी तोच घोडा दुप्पट अंतरावर येतो आणि ओळखू येत नाही. नवे रेटिंग आठवड्यातून एकदाच जाहीर होते. तेवढ्या अवधीत थोडे जादा वजन घेऊन तो आणखी एखादी शर्यत मारून जातो. यात लबाडी आहे असे म्हणता येत नाही. घोडा खरोखरच लहान अंतराचा नव्हता, आणि त्याचा वंश छापील पुस्तकात सर्वांसमोर होता.

आपल्याकडे पुणे-मुंबईच्या शर्यतींतही अशा खुणा शोधणारे पुष्कळ आहेत. पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला, मुंबईचा नोव्हेंबरपासूनचा. एखादा प्रशिक्षक पुण्याच्या ओल्या मैदानावर घोडा केवळ अंगात धाव यावी म्हणून उतरवतो आणि खरा डाव महालक्ष्मीवर टाकतो. दुसरा विश्रांतीनंतरच्या पहिल्याच शर्यतीत घोडा पूर्ण तयार करून आणतो. एकाच पागेचे दोन घोडे धावत असतील तर पागेचा नेहमीचा जॉकी कोणावर बसला? प्रथमच झापडे लावली आहेत काय? अंतर एकदम वाढवले काय? सकाळच्या सरावातील वेळा वर्तमानपत्रांत छापून येतात. त्यांत कोण घोड्याला मोकळे सोडतो आणि कोण ताण देऊन पळवतो, हेही प्रशिक्षकागणिक ठरलेले असते. वर्षानुवर्षे वहीत नोंदी ठेवणारे लोक या सगळ्यातून अंदाज बांधतात. मटक्याच्या आकड्यामागे असा कोणी प्रशिक्षक नसतो.

मात्र या वह्यांत दिसणारी प्रत्येक सवय खरी नसते, आणि बहुतेकांची फसगत येथेच होते. समजा, एका प्रशिक्षकाने प्रथमच झापडे लावलेले १२ घोडे उतरवले आणि त्यांतले ४ जिंकले. वहीवाला ताबडतोब खूण करतो. परंतु अशा घोड्यांचे जिंकण्याचे सर्वसाधारण प्रमाण १५ टक्के धरले, तर १२ पैकी ४ किंवा अधिक विजय निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता सुमारे ९ टक्के येते. मैदानावर ३० प्रशिक्षक असतील तर त्यांतले दोघे-तिघे काही विशेष न करताही ‘झापडांचे उस्ताद’ ठरतील. म्हणून सवयीमागे कारण सापडले पाहिजे. प्रेस्कॉट यांच्या पद्धतीमागे रेटिंगचा नियम, घोड्याचा वंश आणि वय अशी तीन कारणे उभी आहेत. ‘हा प्रशिक्षक महिन्याच्या शेवटच्या रविवारी जिंकतो’ या निरीक्षणामागे काहीच नाही. शिवाय खरी सवयदेखील सर्वांना ठाऊक झाली की भाव खाली येतो. घोडा जिंकतो, पण हाती काही उरत नाही. किती वेळा जिंकला यापेक्षा मिळालेल्या भावात प्रत्येक वेळी सारखीच रक्कम लावली असती तर हिशेब काय झाला असता, हे पाहणारे थोडे असतात. टिकतात तेच.

जानेवारी १९९६ मध्ये डॉ. के. आर. लक्ष्मणन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, तो अशाच अभ्यासाचा विचार करून: वंश, तयारी, जॉकी, पूर्वीची कामगिरी. आता त्या कौशल्याची करापुढे काय गत होते ते पाहावे. चारांत एक संधी असलेल्या घोड्याचा रास्त भाव एकास तीन. १०० रुपयांच्या पैजेवर ४० रुपये कर, म्हणजे चार पैजांना ५६० रुपये गेले. त्यांतली एक जिंकून नुसती बरोबरी साधायची, तरी भाव एकास ४.६ हवा. अर्थात बाजाराने ज्या घोड्याला १८ टक्के संधी दिली आहे, त्याची संधी २५ टक्के आहे हे तुम्हाला सतत आणि अचूक दिसले पाहिजे, आणि तेही केवळ न हरण्यासाठी. प्रशिक्षकाची कोणतीही सवय एवढा फरक नित्य देत नाही. त्यातून जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहेच, आणि हरलेली पैज त्यातून वजा करता येत नाही.

कॅसिनोशी तुलना करता येथे एक विसंगती दिसते. कॅसिनोत चिप्स खरेदी करताना कर लागतो. जिंकलेल्या रकमेने पुढे खेळल्यास पुन्हा लागत नाही. घोड्याच्या प्रत्येक पैजेवर मात्र तो नव्याने लागतो. म्हणजे न्यायालयाने ज्याला कौशल्य म्हटले, त्यावरचा भार प्रत्यक्षात अधिक. ब्रिटनने २००१ मध्येच पैज लावणाऱ्यावरचा कर काढून तो बुकमेकरच्या ढोबळ नफ्यावर नेला. ऑनलाइन कॅसिनो आणि शर्यत यांना एकच दर लावण्याचा विचार तेथे पुढे आला, तेव्हा १० सप्टेंबर २०२५ रोजी शर्यती बंद ठेवून निषेध झाला. नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात ऑनलाइन कॅसिनोचा दर ४० टक्के झाला, तोही नफ्यावर. शर्यतीचा १५ टक्केच राहिला.

सरकारचा युक्तिवाद असा की, पैज महाग झाली तर माणूस तिच्यापासून दूर राहील. जुगाराने उद्ध्वस्त झालेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा युक्तिवाद पटतो, आणि तो टाकाऊ नाही. पण वह्या ठेवणारा माणूस पैज सोडत नाही, जागा बदलतो. बेहिशेबी बुकी ना कर घेतो ना पावती देतो, वर उधारीही देतो. क्लबच्या खिडकीवरील उलाढाल घटली की बक्षिसाच्या रकमा घटतात, मालक घोडे कमी करतात, आणि त्याची पहिली झळ पागेतल्या मोतद्दारांना बसते.

कर एकूण रकमेवर नव्हे तर ढोबळ उत्पन्नावर असावा, अशी मागणी गोव्याने २०२३ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेत कॅसिनोंसाठी केली होती. ती मान्य झाली नाही. रेसकोर्स असलेल्या महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण यांनाही या प्रश्नात हितसंबंध आहे. परिषदेत हा विषय पुन्हा निघालाच, तर गोव्याने कॅसिनोंबरोबर शर्यतीचाही मुद्दा हाती घेणे सोयीचे ठरेल.