गंज जावा, रंग राहावा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बाबांची काळी सायकल खाली काढली. नळ्यांवर जागोजागी तांबूस गंज चढला होता. बाबांना चकित करावे म्हणून मी खरखरीत पॉलिश पेपर घेऊन बसलो. दहा मिनिटांत गंज गेला आणि त्याबरोबर वरच्या दांडीवरची सोनेरी रेघही गेली! बाबा काही बोलले नाहीत. त्या जागेवरून नुसता अंगठा फिरवला.

तुमच्याही घरी अशी सायकल असेल, तर माझी चूक करू नका. १९५१ साली सोनपतला सुरू झालेल्या ॲटलसचा साहिबाबादचा कारखानाही २०२० मध्ये बंद पडला. जुना रंग, रेघा आणि कंपनीचे चित्र एकदा गेले की गेलेच.

आधी गंज कोणता ते पाहा. नख फिरवल्यावर फक्त तांबडी पूड निघाली, तर तो वरवरचा. रंगाला फुगे आले असतील, पत्रा दाबला जात असेल किंवा सांध्याला चीर दिसत असेल, तर सायकल चालवू नका. जाणत्या कारागिराला दाखवा.

साबणाच्या पाण्याने फ्रेम धुऊन कोरडी करा. गंजावर शिवणयंत्राचे तेल लावून तासभर ठेवा आणि सुती फडक्याने हलक्या हाताने घासा. डाग उरलाच, तर मोटारीच्या रंगासाठी मिळणारे रबिंग कंपाऊंड बोटभर जागेत लावून पाहा. रेघा आणि चित्रे यांपासून दूरच राहा. कोरडे घासू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते व त्याची धूळ नाकातोंडात जाते.

हट्टी डागांसाठी ऑक्झॅलिक ॲसिड आहे. संगमरवर पॉलिश करणारे ते वापरतात. प्लॅस्टिकच्या बादलीत एक लिटर कोमट पाणी घेऊन त्यात २० ते ३० ग्रॅम पूड विरघळवा. हे आम्ल गंजाशी संयोग पावून त्याला पाण्यात विरघळवते. रंगाला सहसा धक्का लागत नाही. तरीही आधी बैठकीखालच्या न दिसणाऱ्या जागी करून बघा. भिजवलेली चिंधी डागावर गुंडाळा, वर प्लॅस्टिक बांधा आणि दर अर्ध्या तासाने पाहा. डाग गेला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून स्वच्छ पाण्याने धुवा.

मात्र सावधान! हे ॲसिड विषारी आहे. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, पूड उडू देऊ नका, मुलांना लांब ठेवा आणि स्वयंपाकघरातले भांडे वापरू नका.

धुतलेले लोखंड ओले राहिले तर काही तासांत पुन्हा गंजते. म्हणून लगेच पुसा, उन्हात वाळवा आणि मेणाचे पॉलिश लावा. बैठकीची दांडी काढून नळीत थोडे तेल सोडा. गंज आतूनही लागतो. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पॉलिशचा हात फिरवला की पुरे. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी तो महिन्याला फिरवावा.

उरलेली सायकल मी याच पद्धतीने साफ केली. डाव्या बाजूची रेघ शाबूत आहे. बाबा आता सायकल भिंतीला टेकवतात ती नेहमी डावी बाजू दिसेल अशीच.