तलवारीची सनद

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने आपल्या सरदारांना एक अडचणीचा सवाल केला: न्यायदानाचे व वसुलीचे जे हक्क तुम्ही भोगता, त्यांना आधार कोणता? त्यावर सरेचा अर्ल जॉन द वॉरेन याने न्यायाधीशांपुढे एक गंजलेली तलवार धरली आणि पूर्वजांनी हिच्याच बळावर जमिनी जिंकल्या, हीच आपली सनद होय, असे बजावले, अशी कथा त्या काळाजवळच्या एका इतिवृत्तकाराने दिली आहे. हा प्रसंग खरोखरच घडला काय, याविषयी इतिहासकार साशंक आहेत. परंतु कथेतील उत्तर मात्र खोटे म्हणता येणार नाही.

या घराण्याचा मूळ पुरुष विल्यम द वॉरेन हा नॉर्मंडीतील एक दुय्यम सरदार. १०६६ साली हेस्टिंग्जच्या रणांगणावर तो ड्यूक विल्यमच्या बाजूने लढला. त्याचे बक्षीस म्हणून ससेक्समधील लुईस, नॉर्फोकमधील विस्तीर्ण मुलूख आणि यॉर्कशरमधील कॉनिसबरो ही त्याच्या पदरात पडली. यांतील कॉनिसबरो पूर्वी रणात पडलेल्या हॅरल्ड राजाचे होते. १०८६ च्या ‘डूम्सडे’ पाहणीत वॉरेनच्या जमिनी अनेक परगण्यांत पसरलेल्या आढळतात आणि त्यांचे वार्षिक मूल्य हजार पौंडांहून अधिक भरते. वीस वर्षांपूर्वी त्या देशात या माणसाच्या मालकीचे एक शेतही नव्हते!

ही संपत्ती निर्माण कोणी केली? त्याच पाहणीत याचे उत्तर आहे. तीत नांगर मोजले आहेत, गिरण्या मोजल्या आहेत. तसेच बांधील कुळे, तुकडाभर जमिनीवर जगणारे झोपडीकर आणि गुलामही मोजले आहेत. धन्याच्या खासगी शेतावर आठवड्यातील ठरावीक दिवस राबणे हे कुळाचे बंधन होते. नॉर्फोकमधील अनेक स्वतंत्र शेतकरी वॉरेनच्या अमलाखाली आणले गेले. त्यांची संमती विचारण्याचे कोणालाही कारण वाटले नाही.

वॉरेनने लुईसला मठ स्थापला, असे त्याचे चाहते सांगतील. ते खरेच आहे. परंतु त्या मठाच्या नेमणुका ज्या गावांवर लावून दिल्या, त्या गावांच्या घामाचे पुण्य दात्याच्या नावे जमा झाले, हेही तितकेच खरे आहे. १०८८ साली वॉरेनला अर्लपद मिळाले आणि त्याच वर्षी तो मरण पावला. १३४७ साली वंशही खुंटला. परंतु जमीनदारी खुंटली नाही. ती वारसांकडे गेली. सरंजामी वहिवाटीचे अखेरचे अवशेष कायद्याने नष्ट व्हायला १९२६ साल उजाडावे लागले.

मालकी कितीही जुनी झाली तरी तिचा उगम बदलत नाही. कालांतराने तलवारीच्या जागी कागद येतो, कागदावर मोहोर येते आणि लुटीला परंपरेचे नाव मिळते. म्हणूनच जमिनीचा इतिहास तपासताना धन्याच्या वंशावळीपाशी थांबून चालत नाही.

१८४५ साली लुईसच्या मठाच्या जागेतून लोहमार्ग खणताना मजुरांना शिशाच्या दोन पेट्या सापडल्या. त्यांवर वॉरेन आणि त्याची पत्नी गुंड्राडा यांची नावे कोरलेली होती. ज्यांनी त्यांची शेते नांगरली, त्यांची डूम्सडेमध्ये बहुतेक ठिकाणी केवळ संख्या आहे. त्या संख्येमागील माणसे शोधणे हेच इतिहासाचे खरे उत्खनन होय.