पश्चात्तापाचें माप

कोर्टाच्या पिंजऱ्यांत आरोपी ढसढसा रडला, तर त्याची शिक्षा कमी करावी काय? हा प्रश्न वकिलांचा आहे असें आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनीं समजूं नये. ज्याचा बैल चोरीस जातो तो आमच्यांतला, आणि चोर म्हणून पिंजऱ्यांत उभा राहतो तोहि पुष्कळदां आमच्यांतलाच.

आम्ही पडलों शाळामास्तर. पाटी फुटली कीं एक मुलगा लगेच कान धरून "चुकलों, गुरुजी" म्हणतो. दुसरा मान खालीं घालून गप्प राहतो. पहिल्याला आम्ही नेहमीं सोडीत आलों, दुसऱ्याला निगरगट्ट म्हणत आलों. पण एकदां त्या गप्प मुलानेंच आठवडाभर गोवऱ्या थापून विकल्या आणि सोबत्याला नवी पाटी आणून दिली. त्या दिवशीं आम्ही खजील झालों.

न्यायाधीशहि माणूसच. चेहरा वाचतांना त्याचीहि फसगत होते. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें जमातींच्या जमाती जन्मानेंच गुन्हेगार ठरविल्या. आपल्याकडे पारधी, कैकाडी त्यांत भरडले गेले. १९५२ सालीं तो कायदा गेला, पण संशय गेला नाहीं. ज्याला पाळण्यांतच चोर ठरविलें, त्याचे अश्रू कोण खरे मानणार? उलट, शिकलेला, गोड बोलणारा गुन्हेगार वकिलानें पढविलेला खेद सफाईनें म्हणून दाखवील. मनुस्मृतींत देहान्त शिक्षेच्या जागीं ब्राह्मणाला केवळ मुंडन सांगितलें आहे. गुन्हा न पाहतां माणूस पाहून शिक्षा मोजण्याची ती रीत अश्रूंच्या वाटेनें परत येऊं नये.

आणखी एक गोष्ट. ज्यानें गुन्हा केलाच नाहीं, तो पश्चात्ताप कशाचा दाखविणार? "मी निर्दोष आहें" म्हणणाऱ्याला त्याबद्दल जादा शिक्षा झाली, तर तो अन्यायावर अन्याय होय.

मग पश्चात्तापाला किंमतच नाहीं काय? आहे, पण ती बोलण्यावर नव्हे, करणीवर ठरावी. १९८० सालीं बच्चनसिंगाच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें सांगितलें कीं, फांशी देण्यापूर्वीं माणूस सुधारण्याचा संभव आहे कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे. २०२२ सालीं मनोजच्या खटल्यांत त्याच कोर्टानें अशा वेळीं कैद्याच्या तुरुंगांतील वागणुकीचा अहवाल मागविण्यास सांगितलें. हीच वाट खरी. सांगली जिल्ह्यांत आटपाडीजवळ औंध संस्थानानें वसविलेल्या स्वतंत्रपुरांत कैदी बायकामुलांसह राहून शेती करतात. माणूस सुधारला कीं नाहीं, हें तेथें नांगराच्या तासांत दिसतें.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, शिक्षा गुन्ह्याच्या मानानें द्यावी. पुढें सूट देतांना वर्षानुवर्षांची वागणूक पाहावी. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यांत, गुन्हेगाराला सोडतांना नुकसान भरून देण्यास लावण्याची सोय आहे. तिचा उपयोग करावा. मात्र भरपाई नुसत्या पैशांत मोजूं नये, नाहींतर श्रीमंताचा पश्चात्ताप दुकानांत विकत मिळेल. गरिबाच्या घामालाहि तितकीच किंमत असावी.

बंधूंनो, गांवच्या बैठकींत कोणी पाय धरले म्हणून विरघळूं नका, आणि कोणी मुका राहिला म्हणून चिडूं नका. बैल ज्याचा गेला त्याच्या दावणीला बैल परत आला कीं नाहीं, एवढें आधीं पाहा.