पहिला कॅमेरा सेकंडहँडच घ्या

पहिल्या कॅमेऱ्याची खरेदी आपल्याकडे एका ठरलेल्या पद्धतीने होते. बोनस हातात आलेला असतो, लडाख नाहीतर हंपीची ट्रिप ठरलेली असते, मग माणूस दुकानात जातो आणि सत्तर हजारांच्या आसपासचा नवाकोरा मिररलेस, किट लेन्स, फुकट मिळालेली बॅग आणि बारा महिन्यांचा हप्ता घेऊन घरी येतो. हप्ता संपायच्या आत कॅमेरा कपाटात. माझ्या ऑफिसातल्या निदान चार जणांचे कॅमेरे आत्ता, मी हे लिहितोय तेव्हा, ठेवणीतल्या कपड्यांशेजारी झोपलेले आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. बजेट मर्यादित असेल आणि फोटोग्राफी नुकतीच शिकायची असेल, तर नवा कॅमेरा घेणं म्हणजे पैशांचा चुराडा. वापरलेला डीएसएलआर घ्या आणि उरलेले पैसे लेन्सवर घाला. (आणि एसटीच्या तिकिटांवर. फोटो काढायला घराबाहेर पडावं लागतं राव!)

हे बोललं की समोरच्याचं तोंड वाकडं होतं. "शी, सेकंडहँड?" आता गंमत बघा. हाच माणूस इंजिनियरिंगची चारही वर्षं अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं आणून पास झालेला असतो, आणि त्यातल्या कोणा अनोळखी सीनियरने मारलेल्या खुणांवरच एम-थ्री सुटलेला असतो. फ्लॅट जुना घेतला की त्याला 'रीसेल' म्हणायचं, म्हणजे लाज वाटत नाही. पहिली गाडीसुद्धा वापरलेली चालते. फक्त कॅमेऱ्याचं खोकं मात्र स्वतःच्या हाताने फोडायला हवं! का, ते आजवर मला कोणी धड सांगितलेलं नाही.

बरं, जुन्यात नेमकं काय कमी आहे? निकॉनचा डी-७००० घेऊ, माझ्याकडे तोच आहे. २०१० साली आला. १६ मेगापिक्सेल, म्हणजे ४९२८ बाय ३२६४ चा फोटो. १२ बाय १८ इंची प्रिंट काढली तर इंचाला २७० पेक्षा जास्त ठिपके मिळतात, जे डोळ्याला भरपूर झाले. आणि प्रामाणिकपणे सांगा, शेवटची प्रिंट कधी काढली होतीत? नव्या कॅमेऱ्यात डोळ्यावर आपोआप फोकस होतो, फोर-के व्हिडिओ मिळतो, कमी उजेडात सेन्सर कमी खरखर देतो. हे फायदे खरेच आहेत. पण सोबतची किट लेन्स झूम केली की बहुतेकदा एफ/६.३ वर जाऊन बसते.

इथे थोडं गणित करावंच लागेल. एफ/१.८ ची लेन्स एफ/६.३ च्या तुलनेत साधारण बारापट उजेड आत घेते (६.३ भागिले १.८, त्याचा वर्ग). घरात गणपतीची आरती चालू आहे, उजेड एका ट्यूबलाइटचा. किट लेन्सवर शटर १/१० सेकंदाला येतं आणि टाळ वाजवणारे सगळे हात पुसट. तेवढ्याच आयएसओला एफ/१.८ वर शटर १/१२० च्या आसपास जातं आणि हात जागच्या जागी थांबतात. नवा सेन्सर जुन्यापेक्षा चांगला असला तरी बारापट चांगला नाही. आता म्हणाल, नव्या बॉडीलाही अशी लेन्स लावता येतेच की. येते ना! पण हप्ता भरणाऱ्याच्या खिशात ती घ्यायला पैसे कुठून उरणार? म्हणून तो किट लेन्सवरच अडकतो, फोटो फोनपेक्षा फारसे वेगळे दिसत नाहीत, आणि मग कपाट.

मी २०२३ मध्ये बॉडी सतरा हजारांना आणि ३५ एमएम एफ/१.८ लेन्स आठ हजारांना घेतली, दोन्ही वापरलेल्या. पंचवीस हजारांत काम झालं. लोक ५० एमएमच्या मागे लागतात, पण अशा लहान सेन्सरवर ती ७५ एमएमसारखी वागते, आणि वन बीएचकेमध्ये ७५ एमएमने फोटो काढायचा तर पाठ भिंतीला टेकते. शिवाय निकॉनच्या डी-३००० आणि डी-५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. त्यांच्यावर जुनी, स्वस्त ५० एमएम 'डी' लेन्स लावलीत तर फोकस हाताने फिरवत बसाल. विकणारे हे सांगत नाहीत.

मग येतो वॉरंटीचा ब्रह्मास्त्रासारखा वापर. अहो, वॉरंटी उत्पादनातल्या दोषाला असते. कॅमेरा हातातून पडला, पावसात भिजला, लेन्सवर बुरशी आली, तर ते सहसा तुमचंच. आणि आपल्याकडे मुंबई-कोकणात कॅमेऱ्याचा खरा शत्रू बुरशीच आहे. म्हणूनच जाहिरातीत 'अजिबात वापरलेला नाही, फक्त दोन हजार क्लिक' असं वाचलं की मला आनंदाऐवजी शंका येते. आठ पावसाळे बंद बॅगेत, अंधारात पडलेली लेन्स म्हणजे बुरशीची नर्सरी. त्यापेक्षा एखाद्या हौशी माणसाने दर रविवारी बाहेर काढून तीस-चाळीस हजार क्लिक केलेला कॅमेरा मी डोळे झाकून पसंत करीन. डी-७००० चं शटर कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. चाळीस हजार म्हणजे ते अजून जवान आहे.

डोळे झाकून म्हटलं, तरी तपासायचं उघड्या डोळ्यांनीच. लेन्स पूर्ण उघडी ठेवून मागून टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर दहा टक्के सूट मागत बसू नका, सरळ उठा. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा, सेन्सरवरचे डाग दिसतात. निकॉनच्या मूळ फोटो-फाइलमध्ये क्लिकचा आकडा असतो, कॅननच्या फाइलमध्ये बहुधा नसतो, तिथे वेगळं सॉफ्टवेअर लागतं. बिलावरचा सिरियल नंबर बॉडीच्या बुडाशी जुळवा. बिल नाही, खोकं नाही आणि 'अर्जंट विकायचाय' असेल, तर तो कॅमेरा कोणाचा होता कोण जाणे. मुंबईत असाल तर फोर्टात बोरा बाजारात एक चक्कर मारा, निदान चार बॉडी हातात धरून तरी कळेल.

"पण डीएसएलआर संपला ना?" हो, कॅनन आणि निकॉनने २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. म्हणूनच तर भाव पडलेत! अॅपर्चर आणि शटरचं नातं त्याने बदललेलं नाही. माझी ३५ एमएम उद्या अडॅप्टर लावून निकॉनच्या झेड बॉडीवर ऑटोफोकससकट चालेल. मात्र तुम्हाला मुख्यतः व्हिडिओच करायचा असेल तर माझं ऐकू नका. डी-७००० व्हिडिओत चालत्या माणसाच्या मागे फोकस नेताना अक्षरशः धापा टाकतो. त्यासाठी मिररलेसच हवा, आणि वापरलेले मिररलेसही आता मिळतात.

असो. आणि हो, कॅमेरा आणल्यावर बॅग फेकून द्या. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या आणा, आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्या पुड्या मधूनमधून बदलत राहा.