पंगत एक, वर्गणी ऐपतीप्रमाणे

आपल्या खानदेशात सप्ताहाच्या भंडाऱ्याची वर्गणी ठरवताना कुणाला न्याय शिकवावा लागत नाही. केळीचा मळेवाला पोत्याने गहू देतो, रोजंदारीवाला शेर-दोन शेर देतो आणि पंगतीला दोघे शेजारी बसतात. इतका साधा हिशेब आपण शाळेला मात्र लावत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजींचा पगार राज्य सरकार देते. पण पत्रे गळतात, विजेचे बिल थकते, कुंपण पडते, तेव्हा सगळ्यांची नजर ग्रामपंचायतीकडे वळते. तिची स्वतःची मिळकत म्हणजे मुख्यतः घरपट्टी. महामार्गालगत गोदामे आणि कारखाने असलेल्या गावाला ती बऱ्यापैकी मिळते. चोपडा, यावल, शिरपूर तालुक्यांतल्या सातपुड्याच्या पाड्यांत किंवा साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात कुडाच्या घरांवर कितीशी पट्टी बसणार? जिथे गरज मोठी, तिथेच थैली लहान.

मालमत्तेच्या किमतीवरून शिक्षणाचा खर्च वाटून घेणे ही काही परदेशी कल्पना नव्हे. महाराष्ट्रात १९६२च्या कायद्याने शहरांतील घरे-इमारतींवर शिक्षण कर बसवला. नगरपालिका तो गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. पुढे २०१५च्या अखेरीस ग्रामपंचायतींची घरपट्टीही भांडवली मूल्यावर आकारण्याचे नियम आले. म्हणजे कोणत्या गावात किती मोलाची घरे आहेत, याची नोंद आता दप्तरी असायला हवी. तिचा उपयोग फक्त वसुलीपुरताच का व्हावा?

माझे म्हणणे असे की शाळांच्या इमारती, वीज, पाणी, स्वच्छतागृहे यांसाठी तालुक्याचा एक सामाईक निधी असावा. प्रत्येक गावाचा वाटा निम्मा विद्यार्थिसंख्येवर आणि निम्मा मालमत्तेच्या मूल्यावर ठरावा. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल, ती करावी.

यावर पहिला आक्षेप येईल, "आमच्या गावाचा पैसा दुसऱ्याच्या शाळेला का?" याचे उत्तर रावेर-यावलच्या केळीच्या बागांत मिळेल. तिथे घड उतरवणारे हात कित्येकदा पाड्यांवरून येतात. बाजाराच्या गावातील माध्यमिक शाळेत तर आसपासच्या अनेक गावांची मुले सायकलने, एस.टी.ने येतात. शाळेचा लाभ गावाच्या शिवेवर थांबत नाही, मग खर्चच का थांबावा?

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. मालमत्ता म्हणजे ऐपत नव्हे. पडक्या मोठ्या वाड्यात एकटी राहणारी म्हातारी श्रीमंत नसते. उलट बागायतदाराची खरी संपत्ती जमिनीत असते आणि ती घरपट्टीत दिसत नाही. शेतसारा तर नाममात्रच. भुसावळसारख्या शहरात रेल्वेचा मोठा पसारा आहे, पण राज्यघटनेच्या २८५व्या कलमानुसार, संसदेने मुभा दिल्याखेरीज केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक कर लागत नाही. म्हणून नुसत्या घरांच्या किमतीवर भागणार नाही. बागायती जमीनही हिशेबात धरावी, निराधारांना सूट द्यावी आणि जिथे कर लागत नाही तिथली तूट राज्याने भरून काढावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या निधीचा जमाखर्च दरवर्षी प्रत्येक ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. आपला पैसा कुठल्या शाळेच्या छपराला लागला हे कळले, तर माणूस हात आखडत नाही. संशय आला की मात्र शेरभर गहूही जड होतो.

साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे, पण १९२४ ते १९३० या काळात त्यांनी शिकवले ते आपल्या अमळनेरच्या मुलांना. हे गाव आपले की परके, असा विचार त्यांनी केला नाही. आपण तर एकाच तालुक्यातली माणसे. भंडाऱ्याच्या पंगतीत पाड्यावरचा पोर उपाशी उठला, तर आपल्याला लाज वाटते. तोच पोर गळक्या वर्गात पाटी-दप्तर सावरत बसतो, तेव्हाही ती वाटायला हवी.